डिम्सडेलची वकिली मी सोडली

नॅथॅनियल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधला तरुण धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल याची बाजू मी अनेक वर्षं घेत आले. वर्गात बी.ए.च्या मुलांपुढे घेतली, स्टाफरूममध्ये मैत्रिणींशी वाद घालताना घेतली. माझं म्हणणं असं असायचं : हेस्टर प्रिनला गावाने शिक्षा दिली, तिची लाज चव्हाट्यावर आली, आणि जे चव्हाट्यावर आलं त्याच्यासोबत माणूस जगायला शिकतो. डिम्सडेलला कुणीच शिक्षा दिली नाही, म्हणून त्याची शिक्षा कधी संपलीच नाही. उघड लाजेपेक्षा लपवलेलं पाप जड. या कादंबरीतला खरा कैदी तोच.

आज मला हे मान्य नाही. ते का, हे सविस्तर सांगायला हवं. हे मत माझ्या एकटीचं नव्हतं. परीक्षेच्या गाइडांत ते छापलेलं असतं, आणि मुलं ते इतक्या सहज लिहितात की त्यात काही तपासण्यासारखं असेल अशी शंकाही येत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं कथानक. साल 1642, गाव बॉस्टन. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन लोकांनी मॅसॅच्युसेट्सची वसाहत उभारून बारा वर्षं झाली आहेत. देवाशी करार केलेला समाज अशी त्यांची स्वतःबद्दलची समजूत, त्यामुळे एकाचं पाप हे सगळ्या गावावरचं संकट. हेस्टर ही तरुण विवाहिता. नवऱ्याने तिला पुढे पाठवलं आणि तो स्वतः दोन वर्षं आलेला नाही. तिला मूल होतं. तीन महिन्यांची पर्ल कडेवर, छातीवर व्यभिचाराचं लाल ‘ए’ अक्षर, अशी ती बाजारातल्या चौथऱ्यावर तीन तास उभी केली जाते. मुलीचा बाप कोण हे ती सांगत नाही. बाप समोरच्या सज्जात, गव्हर्नरच्या शेजारी बसलेला असतो. तो डिम्सडेल. त्याच दिवशी तिचा नवराही गर्दीत येऊन उभा राहतो आणि रॉजर चिलिंगवर्थ या खोट्या नावाने वैद्य म्हणून गावात राहतो. पुढची सात वर्षं तो डिम्सडेलच्या जखमेवर बोट ठेवून जगतो.

मराठी वाचणारी बाई या माणसाकडे का ओढली गेली, याचा विचार मी पुष्कळ केला. आमच्या कानांवर लहानपणापासून अभंग. संत स्वतःला पतित म्हणवतात, पापांची रास म्हणवतात, आणि ते ऐकताना आपला जीव त्यांच्याकडे धाव घेतो. वर ‘श्यामची आई’. 1935 साली आलेल्या त्या पुस्तकाने आम्हाला शिकवलं की जो रडून आपला दोष सांगतो तो मोठा. अशा संस्कारातून आलेल्या मला, व्यासपीठावरून स्वतःला सर्वांत अधम म्हणवणारा आणि रात्री दार लावून पाठीवर चाबूक ओढून घेणारा हा फिकट तरुण अगदी ओळखीचा वाटला. फरक मला उशिरा दिसला. श्याम जे सांगतो त्यात काय केलं, कुणाचं नुकसान केलं, हे स्पष्ट असतं. डिम्सडेल कधीच काय केलं हे सांगत नाही. तो फक्त ‘मी पापी’ म्हणतो.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका साध्या कामातून. ‘उघड लाजेपेक्षा गुप्त पाप जड’ हा कादंबरीचा गाभा आहे असं मी शिकवत होते, तेव्हा तो कुठे कुठे आलाय ते खुणा करून काढावं असं ठरवलं. मला वाटत होतं की हा विचार लेखकाच्या निवेदनात पसरलेला असेल. शेवटाकडे निवेदक खरेपणाने जगा असं बजावतो, ते आहेच. पण ही तुलना, हेस्टरपेक्षा माझं दुःख मोठं ही, जिथे ठळकपणे येते तिथे बोलणारा प्रत्येक वेळी एकच आहे. डिम्सडेल स्वतः.

पहिल्यांदा तो हे सज्जातून खाली उभ्या हेस्टरला सांगतो. तिने सहअपराध्याचं नाव घ्यावं म्हणून तिला समजावण्याचं काम वडीलधाऱ्या धर्मोपदेशकाने त्याच्यावर सोपवलेलं असतं. तो म्हणतो, त्या माणसाला उंच जागेवरून उतरून तुझ्या शेजारी उभं राहावं लागलं तरी आयुष्यभर अपराधी मन लपवण्यापेक्षा ते बरं. तेव्हा चुकीची दया दाखवू नकोस, नाव सांग. मी हा प्रसंग आधी फार हळवेपणाने शिकवायचे. बिचारा स्वतःच्या विरोधात साक्ष मागतोय! आता वाचताना मला दिसते ती त्या दोघांमधली उंची. उतरायला त्याला काही पायऱ्याच होत्या. ते काम तो तीन महिन्यांच्या बाळंतिणीवर टाकतो, भर उन्हात, भर बाजारात. ती नकार देते, तेव्हा बाईच्या मनाच्या थोरवीचं त्याला नवल वाटतं. मनावरचं ओझं उतरल्यासारखा तो मागे सरतो.

दुसऱ्यांदा वैद्याशी बोलताना. खिडकीतून दोघांना स्मशानातून जाणारी हेस्टर आणि पर्ल दिसतात. चिलिंगवर्थ विचारतो, छातीवर ते अक्षर आहे म्हणून हेस्टरचं दुःख कमी आहे का? डिम्सडेल म्हणतो, मला तरी तसंच वाटतं. आणि त्याच दमात म्हणतो की तिच्या चेहऱ्यावर वेदना दिसली, ती पाहावी लागली नसती तर बरं झालं असतं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, पण अडले नव्हते. वेदना त्याला दिसते. त्याचा सिद्धांत खोटा पाडणारा पुरावा समोर चालत जातोय. तो पुराव्यावरून नजर काढून घेतो आणि सिद्धांत तसाच ठेवतो.

तिसऱ्यांदा, सात वर्षांनी, जंगलात. तिथे तो तिला सरळ भाग्यवान म्हणतो, कारण तिचं अक्षर उघड आहे आणि त्याचं आत जळतंय. त्याआधी त्याने तिला विचारलेलं असतं, तुला शांती मिळाली का? ती खिन्नपणे हसते, छातीकडे पाहते आणि उलट विचारते, तुला? मग तो स्वतःबद्दल बोलू लागतो, आणि तिचं उत्तर तो पुन्हा मागत नाही.

म्हणजे मी वर्गात ज्याला कादंबरीचं तत्त्व म्हणत होते ते आरोपीचं निवेदन होतं.

मग हेस्टरची प्रकरणं मी त्याच डोळ्यांनी पुन्हा वाचली. उघड लाज सोसता येते, असं खरंच तिथे आहे का? ती गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत राहते आणि सुईवर पोट भरते. गव्हर्नरच्या पोशाखावर तिचं भरतकाम, बाळाच्या टोपीवर तिचं, प्रेतवस्त्रावरही तिचं. फक्त नवरीच्या ओढणीला तिचा हात कुणी लागू देत नाही. ज्या गरिबांना ती शिल्लक पैशातून कपडे देते ते तिला शिव्या देतात. घराघरांत काम घ्यायला जाते तिथल्या प्रतिष्ठित बाया गोड बोलून डंख मारतात. ती चर्चमध्ये जाते आणि प्रवचनाचा विषय तीच असते. पोरं मागे लागतात. नवखा माणूस अक्षराकडे पाहतो तेव्हा ते पहिल्या दिवसासारखं भाजतं. हॉथॉर्नने स्पष्ट लिहिलं आहे की तिला त्याची सवय कधी झाली नाही, उलट ती जागा अधिकच हुळहुळी होत गेली. आणि तेराव्या प्रकरणात, अगदी थोडक्या शब्दांत, तो असं काही सांगतो की माझ्या ‘माणूस जगायला शिकतो’ या वाक्याची मला लाज वाटते : पर्लला लगेच स्वर्गात पाठवावं आणि आपणही जावं, असे विचार या बाईच्या मनात येऊन गेलेले असतात. ज्या मुलीसाठी ती गव्हर्नरच्या घरी जाऊन भांडली, तिच्याबद्दल.

शिवाय ती एकटी नव्हती, तिच्याजवळ मूल होतं. तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतचं पोर एकटीने वाढवणं म्हणजे काय हे मला आता वेगळं सांगायला नको. डिम्सडेलच्या सगळ्या उपासतापासांत, जागरणांत आणि चाबकांत त्या पोरीसाठी एक रात्र जागणं नाही.

दुसरीकडे, गुप्त पापाने त्याला काय दिलं? अकराव्या प्रकरणात याचा हिशोब आहे, आणि मी तो दुःखाचा हिशोब म्हणूनच वाचत आले. दुःखामुळे त्याची वाणी लोकांच्या काळजाला भिडू लागते. त्याच्यापेक्षा विद्वान, त्याच्यापेक्षा अनुभवी धर्मोपदेशक मागे पडतात. तो व्यासपीठावरून स्वतःला पापी म्हणतो आणि मंडळी म्हणतात, हा एवढा निर्मळ माणूस स्वतःला असं म्हणतो तर आमचं काय! त्याची कीर्ती वाढते. आणि असं होणार हे त्याला माहीत असतं. हॉथॉर्न इथे त्याला वाचवत नाही, पश्चात्तापी पण धूर्त ढोंगी असंच त्याचं वर्णन करतो. लेखक जे उघड म्हणाला ते मी त्याची वाचक म्हणून झाकत होते.

तरी माझ्याजवळ एक भक्कम मुद्दा होता, आणि तो मी अजून पूर्ण सोडलेला नाही. त्या वसाहतीत व्यभिचाराला कायद्याने मृत्युदंड होता. कादंबरीतही गर्दीतला एक जण सांगतो की हेस्टर तरुण आहे आणि नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा म्हणून न्यायाधीशांनी दया केली. डिम्सडेल बोलला असता तर त्याला काय झालं असतं? इतिहासात याला उत्तर आहे आणि ते भयंकर आहे. 1644 च्या मार्चमध्ये बॉस्टनमध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना व्यभिचारासाठी फाशी दिलं. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपच्या रोजनिशीत ही हकिकत आहे. मेरी जेमतेम अठरा वर्षांची. मनाजोगतं स्थळ हुकल्यावर रागाच्या भरात एका म्हाताऱ्याशी लग्न केलेली, आणि त्याच्यावर तिचं मन नव्हतं. ब्रिटन आजारी पडला, सदसद्विवेकाच्या भीतीने घेरला गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. त्याच्या त्या कबुलीमुळे ती पकडली गेली.

ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा मला वाटलं, माझा अशील सुटला. बघा, मनाचं ओझं उतरवणाऱ्या माणसाने बाईला फासावर नेलं! पण त्यावर जितका विचार केला तितका मुद्दा उलटत गेला. ब्रिटन बोलला तेव्हा मेरी सुरक्षित होती. त्याने स्वतःच्या मनःशांतीसाठी तिला ओढलं. हेस्टर आधीच चौथऱ्यावर होती, तिच्यावरची दया जाहीर झालेली होती. डिम्सडेलच्या बोलण्याने तिचा भार वाढण्यासारखा फारसा उरला नव्हता, हलका होण्यासारखा पुष्कळ होता. ब्रिटनचं बोलणं आणि डिम्सडेलचं मौन, दोन्हींत एकच गोष्ट समान आहे : दोघेही फक्त आपल्या आत्म्याकडे बघत होते. पहिल्या दिवशीचं त्याचं भय मी आजही समजू शकते, फासाच्या भयाला मी भ्याडपणा म्हणणार नाही. सात वर्षं कशी समजून घेऊ? कबुली न देताही करण्यासारखं पुष्कळ होतं. तो गावाचा लाडका धर्मोपदेशक होता. हेस्टरच्या अंगावर प्रवचनं झाडणाऱ्यांना तो गप्प करू शकत होता.

एकदा त्याने तिच्यासाठी शब्द टाकला, हे नोंदवायलाच हवं. पर्लला आईपासून काढून घ्यायचा बेत गव्हर्नर बेलिंगहॅमच्या घरी चालू असताना तो बोलला आणि मूल आईकडे राहिलं. पण आधी हेस्टर त्याच्याकडे वळून म्हणते की तू मला या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखतोस, बोल माझ्यासाठी. त्या हाकेत विनंती आहे आणि इशाराही. मगच त्याचा आवाज निघतो.

कादंबरीतलं सगळ्यात निर्दय पान मला आता बाराव्या प्रकरणात सापडतं. तेही मी वर्षानुवर्षं करुण म्हणून शिकवलं. मध्यरात्री डिम्सडेल एकटाच चौथऱ्यावर चढतो. विन्थ्रॉप मरणशय्येवर आहे (प्रत्यक्षात तो 26 मार्च 1649 ला वारला, हॉथॉर्नने ती रात्र मे महिन्यात नेली आहे), त्याच्या अंगाचं माप घेऊन हेस्टर मुलीसह परत येत असते. तो त्यांना वर बोलावतो. तिघं हात धरून उभी राहतात. पर्ल विचारते, उद्या दुपारी आईबरोबर आणि माझ्याबरोबर इथे उभा राहशील? तो नाही म्हणतो. ती पुन्हा विचारते, मग केव्हा? शेवटच्या न्यायाच्या दिवशी, तो म्हणतो. सात वर्षांच्या पोरीला! त्याच वेळी आकाशात उल्केचा उजेड पडतो आणि त्याला वर प्रचंड ‘ए’ दिसतो, आपल्यासाठीच काढलेला. हॉथॉर्न तिथे थांबून सांगतो की स्वतःच्या दुःखात बुडालेल्या माणसाला आकाशसुद्धा स्वतःच्या चरित्राचं पान वाटू लागतं. खाली हात धरून उभी असलेली मुलगी त्याला दिसत नाही, आभाळातलं अक्षर दिसतं.

हे मला असं दिसायला लागलं त्यात ताराबाई शिंदे यांचाही वाटा आहे. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर कोरडे ओढले गेले, आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं की हे सगळे दोष पुरुषांत नाहीत काय. हे पुस्तक मी मराठीच्या अभ्यासक्रमाचं म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलं होतं आणि हॉथॉर्न इंग्रजीच्या. दोन्ही एका आठवड्यात वाचली आणि कप्पा मोडला. विजयालक्ष्मीच्या बाबतीत तिच्या मुलाच्या बापाचं मन आत किती जळत होतं हे कुणीही विचारलं नाही, मीही विचारणार नाही. मग बॉस्टनच्या माणसाला मी इतकी वर्षं वेगळा न्याय का लावला? त्याचं मन मला हॉथॉर्नने आतून दाखवलं म्हणून. ज्याचं मन आतून दिसतं त्याला आपण माफ करत सुटतो.

प्युरिटन समाजात कबुली म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहणं. कॅथलिकांसारखी धर्मगुरूच्या कानात सांगायची सोय डिम्सडेलला नव्हती, आणि ही कोंडी खरी आहे. हॉथॉर्नला ती फार जाणवत असावी. ‘द मार्बल फॉन’ या 1860 च्या कादंबरीत त्याने न्यू इंग्लंडच्या एका प्रॉटेस्टंट मुलीला रोममध्ये सेंट पीटर्सच्या पापकबुलीघरात नेऊन मोकळं केलं. पण समोर उभं राहिलेलं माणूसही त्याच बॉस्टनमध्ये होऊन गेलं. सॅम्युएल सूअल हा 1692 च्या सेलम चेटूक खटल्यांतला न्यायाधीश. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली. 14 जानेवारी 1697 ला, उपवासाच्या दिवशी, तो आपल्या चर्चमध्ये जागेवर उभा राहिला आणि त्याच्या धर्मोपदेशकाने त्याची चिठ्ठी वाचून दाखवली. दोष आणि लाज त्याने स्वतःकडे घेतली, आणि कशाबद्दल हेही सांगितलं. 1700 साली त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याच न्यायासनावरच्या जॉन हॅथॉर्नने अशी कबुली दिल्याची नोंद नाही. हा हॅथॉर्न म्हणजे लेखकाचे खापरपणजोबा. कादंबरीच्या प्रास्ताविकात हॉथॉर्न या पूर्वजांची लाज स्वतःवर घेतो. कबुली न देणाऱ्या घराण्यातला माणूस ही गोष्ट लिहीत होता, हे मी मुलांना नेहमी सांगत आले. त्याचा अर्थ मात्र डिम्सडेलच्या बाजूने लावत होते.

शेवटच्या प्रसंगाबद्दल माझ्या मैत्रिणी अजून भांडतात. निदान शेवटी तरी त्याने सांगितलं ना? सांगितलं. पण केव्हा? जंगलात दोघांनी पळून जायचं ठरवलं तेव्हा जहाज चार दिवसांनी आहे हे ऐकून त्याला आनंद होतो, कारण तिसऱ्या दिवशी निवडणुकीच्या दिवसाचं मानाचं प्रवचन त्याला द्यायचं असतं. कर्तव्य अपुरं ठेवून गेला असं कुणी म्हणायला नको. ते प्रवचन त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम होतं, लोक जयजयकार करतात, आणि मग तो चौथऱ्यावर चढतो, हेस्टरचा आधार घेऊन. बोलताना आपल्या पापाचा उल्लेख तो तिऱ्हाइताचा असावा तसा करतो. जंगलातल्या स्वप्नापेक्षा हे बरं नाही का, असं तिला विचारतो. ती म्हणते, मला माहीत नाही. पुढे आपण भेटू का असं ती विचारते, तर तो तीही आशा तिला धड देत नाही. मरतो. आणि गावातले काही प्रतिष्ठित लोक नंतर सांगतात की त्याने छाती उघडी करून दाखवलेली खूण वगैरे काही नव्हती. पतित बाईच्या मिठीत मरून या संताने आपल्याला नम्रतेचा दृष्टांत दिला. एवढ्या उशिराची, एवढी मोघम कबुली त्याच्या कीर्तीतच जिरून गेली.

त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. चिलिंगवर्थने त्याचे केलेले हाल वाचताना माझ्या पोटात आजही तुटतं. शेवटी पर्ल त्याला ओठांवर चुंबन देते आणि रडते, तिथे मीही रडते. फक्त त्या दुःखाला मी आता प्रायश्चित्त म्हणत नाही. जंगलात तो स्वतःच म्हणतो की देहदंड पुष्कळ झाला, पश्चात्ताप झालाच नाही. हे त्याचं वाक्य मात्र मी शब्दशः खरं मानते.

आणि आता शिकवताना मी मुलांना शेवटच्या प्रकरणातली एक बाब नीट वाचायला लावते, जी पूर्वी घाईत संपवायचे. चिलिंगवर्थ वर्षभरात मरतो आणि इंग्लंडमधली व वसाहतीतली आपली मोठी मालमत्ता पर्लच्या नावे करून जातो. त्या पोरीच्या पुढच्या आयुष्याची सोय त्या पैशाने झाली. कादंबरीतल्या सर्वांत दुष्ट माणसाने, ज्याचं तिच्याशी रक्ताचं नातं नव्हतं, ती केली. बापाने तिच्यासाठी काय ठेवलं, हा प्रश्न मी मुलांना विचारते, आणि त्यावर वर्गात पुष्कळ वेळ बोलणं चालतं.